तुमचे प्रश्न : वेबसाइट, मराठी अक्षरं आणि बोरू

(मी पुण्यात चौदा वर्षं वेबसाइट बनवतेय. गेल्या अंकात प्रश्न मागवले होते, त्यातल्या काहींची उत्तरं इथे देतेय. दोन-तीन पत्रांत एकच प्रश्न होता, तो एकदाच घेतलाय.)

प्रश्न : ताई, आमची बेदाण्याची वेबसाइट भाच्याने बनवून दिली. दिसायला छान आहे, पण गिऱ्हाईक म्हणतात उघडतच नाही. काय चुकलं असेल? (तासगाव)

मी तुमची साइट माझ्या जुन्या फोनवर उघडून बघितली. वरती पाच फोटो सरकतात ना, ते फोनच्या कॅमेऱ्यातून जसेच्या तसे टाकलेत, एकेक चार-पाच एमबीचा, म्हणजे गिऱ्हाइकाला तुमचं नाव दिसायच्या आधी वीस-पंचवीस एमबी डाउनलोड करावं लागतंय आणि तेही कुठेतरी एसटीत बसून, रेंज येतेय-जातेय अशा ठिकाणी. तो कशाला थांबेल? भाच्याला सांगा, फोटोंची रुंदी हजार-बाराशे पिक्सेल कर आणि वेबपी फॉरमॅटमध्ये सेव्ह कर, बहुतेक फोटो दीडशे-दोनशे केबीत बसतील आणि डोळ्याला फरक कळणार नाही. सरकते फोटो तर काढूनच टाका. एकच ठेवा, चांगला, उन्हातल्या शेडवरचा जो तिसरा आहे तो.

दुसरं म्हणजे तुमचा भावाचा तक्ता. तो फोटो काढून लावलाय. फोटोतली अक्षरं सर्चमध्ये सहसा सापडत नाहीत, सहज कॉपी होत नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन स्क्रीन वाचून दाखवतो त्याला त्या फोटोत काय लिहिलंय ते धड कळत नाही. भाव टाइप करून टाका. आणि फोन नंबर असा द्या की त्यावर बोट ठेवलं की थेट कॉल लागेल, सध्या तो फक्त लिहिलेला आहे आणि माणसाला पाठ करून डायल करावा लागतो. एवढं केलंत तरी बाकी डिझाइन आहे तसं चालेल, मनापासून सांगते.

प्रश्न : मराठी साइटवर अक्षरं तुटल्यासारखी, दाटीवाटीने का दिसतात? इंग्रजी साइट कशा स्वच्छ वाटतात. (रत्नागिरी, शिक्षिका)

हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

बहुतेक वेळा साइटचा साचा इंग्रजीसाठी बनवलेला असतो आणि त्यात नंतर मराठी ओतलेलं असतं. इंग्रजी मथळ्यांना अक्षरांमध्ये थोडी जागा सोडायची पद्धत आहे, ती सेटिंग तशीच राहते आणि मग आपली शिरोरेषा मध्ये मध्ये तुटते, शब्द दाताच्या फटींसारखा दिसायला लागतो. देवनागरीत लेटर-स्पेसिंग शून्य ठेवायचं, विषय संपला. तिरकं अक्षरही नको. देवनागरीच्या फाँटला सहसा खरं इटॅलिक नसतंच, मग ब्राउझर सरळ अक्षर धरून वाकवतो आणि ते वाकवलेलं कळतं. जोर द्यायचा असेल तर ठळक करा.

मग ओळींमधलं अंतर. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराची शेपूट. इंग्रजीच्या मापाने ओळी ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन टेकतो. मी अक्षराच्या मापाच्या साधारण १.७ पट ठेवते. आणि मापही थोडं मोठं, कारण त्याच आकड्याला देवनागरी रोमनपेक्षा बारीक दिसते. १६ ऐवजी १८ पिक्सेल करून बघा, आईला दाखवा, ती सांगेल.

आता एक गोष्ट जी खूप डेव्हलपरना माहीतच नसते. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपं असं राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयातही आहे. पण युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक नंबर देणारी जगभरची पद्धत) दोन्ही भाषांच्या 'ल'चा नंबर एकच, म्हणून ब्राउझरला सांगावं लागतं की हे पान मराठी आहे. एचटीएमएल, म्हणजे पान ज्या खुणांनी लिहितात ती भाषा, तिच्या पहिल्याच टॅगमध्ये (खुणेत) भाषेचा कोड 'एमआर' (mr) लिहायचा. फाँटमध्ये मराठी वळणांची सोय असेल तर अक्षरं आपोआप बदलतात. एका शब्दाचं काम आहे, आणि कितीतरी मराठी साइटवर तिथे इंग्रजीचाच कोड पडून असतो. स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही याच कोडवरून कुठल्या आवाजात वाचायचं ते ठरवतं, म्हणजे मराठी पान इंग्रजी आवाजात वाचलं जायची वेळ येते.

आणि आपला 'ऱ्य'. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार आणि आचाऱ्यांना जेवणाची ऑर्डर. हा फरक दाखवता येत नसेल तर तो फाँट मी मराठीसाठी घेत नाही, कितीही देखणा असो. नवीन फाँट हातात आला की मी आधी हेच चार शब्द टाइप करते, मग 'ळ' बघते, मग बाकीचं. फुकटात हवा असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' बघा, मोठ्या मजकुराला छान चालतो.

तुमच्या शाळेचा जुना मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नुसता पेस्ट केलात तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसेल. बदलून झाल्यावर एकदा माणसाने वाचायला हवा, जोडाक्षरं हमखास चुकतात.

प्रश्न : फिकट राखाडी अक्षरं मॉडर्न दिसतात ना? (ठाणे)

दिसतात, पण वाचता येत नाहीत. मजकूर आणि मागचा रंग यांच्यात निदान ४.५ ला १ एवढा फरक हवा असा वेबचा मान्य निकष आहे, तो मोजून देणारी टूल फुकट मिळतात. शिवाय फोन घेऊन दुपारी बारा वाजता गच्चीवर जा आणि वाचून बघा. मी प्रत्येक साइट देण्याआधी हे करते.

प्रश्न : मी सेकंड इयरला आहे. सगळे म्हणतात थेट रिॲक्ट (वेबसाइट बनवायची तयार साधनपेटी) शिक, एचटीएमएल-सीएसएसमध्ये वेळ घालवू नकोस. (लातूर)

नोकरीसाठी रिॲक्ट लागेल, शीक, पण आधी दोन-तीन महिने साधी पानं हाताने लिही, एचटीएमएलने मजकूर आणि सीएसएसने त्याचं रंगरूप. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बनवलेली आणि १९९१ मध्ये सगळ्यांसाठी खुली केलेली पहिली वेबसाइट आजही त्याच पत्त्यावर बघता येते, सर्नने ती २०१३ मध्ये परत उभी केली. ती तुझ्या फोनवर उघड. साधा मजकूर आणि लिंक, बास, आणि तीस वर्षांपूर्वीचं ते पान आजच्या ब्राउझरमध्ये नीट उघडतं. मग तिचा सोर्स बघ, पाच मिनिटांत सगळा कळेल. बटण हवं तिथे बटणाचाच टॅग, मथळा हवा तिथे मथळ्याचाच, ही सवय आत्ता लागली तर पुढे कुठलंही फ्रेमवर्क आलं तरी तुझं काम वेगळं उठून दिसेल. मी मुलाखती घेते तेव्हा हेच बघते.

प्रश्न : दिवसभर स्क्रीनसमोर असता, मग छंद कधी आणि कुठले? (इंदूर)

बोरू, म्हणजे टोक तिरकं कापलेल्या बोरूच्या लेखणीने अक्षरं काढणं. सहा वर्षं झाली. रविवारी सकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि दोन तास फक्त अक्षरं काढते, कधी कधी पूर्ण सकाळ एका 'क'च्या गाठीत जाते. बोरूचा काप जरा बिघडला की सगळी रेघ बिघडते, आणि कॉम्प्युटरसारखं चूक मागे घ्यायचं 'अनडू' नसतं, हे मला फार आवडतं. र. कृ. जोशींसारखा सुलेखनकार कॉम्प्युटरकडे वळला आणि विंडोजमधला 'मंगल' फाँट त्यांनी केला, हे शिकताना कळलं, तेव्हापासून स्क्रीनवरच्या अक्षराकडे बघायची माझी नजर बदलली, त्यामागे कुणाचातरी हात दिसायला लागला.

दुसरा छंद म्हणजे शिलालेख बघत फिरणं. श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही मराठी ओळ आहे, नागरीत कोरलेली. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा गर्दी वर मूर्तीकडे बघत होती आणि मी खाली वाकून अक्षरं शोधत होते. वाचता आली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. परत जाणार आहे, यावेळी आईला घेऊन.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीचं अक्षर वाईट आहे, बोरूने सुधारेल का? (बेळगाव)

अक्षर सुधारेल की नाही ते बाजूला ठेवा, तिला मजा येते का ते आधी बघा. बोरू नाहीच मिळाला तर आइस्क्रीमची चपटी काडी टोकाला तिरकी कापून द्या, त्या काडीने जाड-बारीक रेघ छान येते. पहिला महिना अक्षरं काढायला लावू नका, नुसत्या उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा आणि गोल. कागद मोठा द्या म्हणजे मनगट नाही, पूर्ण हात फिरेल. आणि खाली जुने पेपर अंथरा, शाई नक्की सांडणार आहे, तेव्हा ओरडू नका.