सिग्नलचं यंत्र बिघडलं तर?

प्रश्न : आमचं वावर रेल्वे फाटकाच्या पलीकडे आहे. मे महिन्यात माझा मोबाइल उन्हानं तापून बंद पडतो. मग रुळाजवळच्या पेटीतलं यंत्र बिघडलं, तर गाड्या एकमेकींवर येणार नाहीत का? मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते, तिला याच कामात जायचं आहे.
– एक शेतकरी आई, ता. धामणगाव रेल्वे

उत्तर : ताई, यंत्र बिघडतंच. मी सिग्नलची सर्किटं बनवतो. ती बिघडली तर कोणत्या बाजूला पडावीत, हे ठरवण्यातच आमचा बहुतेक वेळ जातो.

रुळांतून थोडा करंट सोडलेला असतो, त्यावर एक रिले, म्हणजे विजेच्या चुंबकानं ओढला जाणारा स्विच, उचललेला राहतो. गाडी आली की करंट तिच्या चाकां-आसांतून वळतो, रिले स्वतःच्या वजनानं पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली, बॅटरी उतरली तरी तेच. ही युक्ती विल्यम रॉबिन्सनची, १८७२ सालची. इतकी देखणी रचना मी दुसरी पाहिली नाही. रिलेचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटू नयेत म्हणून एका बाजूला धातू, दुसऱ्या बाजूला कार्बन ठेवतात.

आता संगणक आलेत. ते हँग झाले तर? म्हणून रिलेला सरळ वीज देत नाहीत. प्रोसेसर सतत पल्स पाठवत राहिला तरच रिले वर राहतो. प्रोसेसर अडकला की पल्स थांबतात, रिले पडतो. गाड्यांची टक्कर टाळणारी ‘कवच’ यंत्रणा ज्या सिल-४ या सुरक्षेच्या सगळ्यात वरच्या दर्जाची आहे, त्यात धोकादायक बिघाड सरासरी १० कोटी तासांत एकाहून कमी हवा, म्हणजे ११ हजारांहून जास्त वर्षं. एवढं चालवून कोण बघणार? म्हणून हा रेझिस्टर तुटला तर काय, शॉर्ट झाला तर काय, असं एकेका पार्टचं कागदावर मांडावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, पण मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

उन्हाचं तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. बाहेर ४५ अंश असले की बंद पेटीत त्याहून बरंच जास्त, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं, म्हणजे सर्किटमधल्या वीज साठवणाऱ्या पार्टचं, आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यात काळी माती भेगाळून अर्थिंग कमजोर पडतं, आणि मृगाच्या विजा नेमक्या त्यानंतर येतात.

सिग्नल लाल झाला म्हणजे आमचं काम संपलं, असं मात्र मी मानत नाही. मग गाड्या माणसाच्या लेखी परवानगीवर चालतात, फाटकापाशी कापसाच्या गाड्या आणि दवाखान्यात निघालेली माणसं अडकतात, आणि दुरुस्तीची घाई होते. २ जून २०२३ च्या ओडिशातल्या बहानगा बाजार रेल्वे अपघाताच्या चौकशीत सिग्नल सर्किटमधल्या बदलांच्या चुका पुढे आल्या; तिथंही फाटकाच्या यंत्राचं काम झालं होतं. म्हणून यंत्र वरचेवर बंद न पडणं, हीही सुरक्षाच.

लेकीला रेल्वे भरती मंडळाची सिग्नल विभागाची ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा डिप्लोमावर देता येते. सर्किट स्वतः डिझाइन करायचं असेल तर पुढे डिग्री करू द्या. तोवर एखाद्या जुन्या इन्व्हर्टरचा बोर्ड उघडून त्याचं सर्किट वहीत काढू द्या, आणि प्रत्येक पार्टपुढे लिहू द्या : हा गेला तर काय होईल? बोर्ड मात्र बॅटरीपासून आणि मेनपासून सोडवलेला हवा.