मित्राच्या शिडाच्या बोटीतून मुंबई ते गोवा जायचंय, पण पोहता येत नाही. बोटीवर दिवस कसे जातात आणि धोका कितपत असतो?

तुमच्या प्रश्नाच्या तपशिलात वादळ, शार्क आणि समुद्री चाचे अशी तीन भीतीची कारणं लिहिली आहेत. तिन्ही जरा बाजूला ठेवू. आपल्याकडे या बोटी पावसाळा सरल्यावरच फिरतात, आणि चक्रीवादळ येणार असेल तर हवामान खातं आधी कळवतं. तेव्हा बंदरातून निघायचंच नाही. शार्कचं सोडून द्या. इंग्रज या किनाऱ्यावर ज्यांना चाचे म्हणायचे ते आपले कान्होजी आंग्रे. आज भेटतील ते गस्तीवरचे पोलीस आणि तटरक्षक दल, म्हणून बोटीची कागदपत्रं आणि प्रत्येकाचं ओळखपत्र हाताशी ठेवा.

मी हंगामात ओळखीच्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून या किनाऱ्याने जात असतो. मला धास्ती असते ती जाळ्यांची, झोपेची आणि पाय घसरण्याची.

मुंबई ते पणजी साधारण २२५ सागरी मैल. पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैल वेगाने, रात्रंदिवस चाललात तर दोन दिवसांच्या आत पोचाल, पण बरेच जण दिघी, जयगड, विजयदुर्ग असे मुक्काम करत जातात. दिवस वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालतो. पहाटे जमिनीवरून मतलई वाहते, तिच्यावर निघायचं. मग वारा पडतो, शीड नुसतं फडफडतं, इंजिन लावावं लागतं. दुपारी वायव्येचा वारा भरला की बोट कलते आणि खरी मजा सुरू होते. खाडीत शिरायचं असेल तर भरती बघून, उजेड असताना. नांगराला साखळी सोडताना भरतीची खोली धरायची, ओहोटीची नाही. साखळी भरतीच्या खोलीच्या निदान पाचपट.

स्वयंपाकाला प्रेशर कुकरसारखं भांडं नाही. झाकण घट्ट बसतं, बोट कितीही हलली तरी खिचडी कुकरातच राहते. मेतकूट-भात, उपमा, भाजणी असली की भागतं. तळण मात्र अजिबात नाही, उकळतं तेल अंगावर आलं तर जवळ दवाखाना नसतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने भडकतो. म्हणून चहा झाला की शेगडीचं बटण पुरेसं नाही, सिलिंडरचाच व्हॉल्व्ह बंद करायचा. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची आणि शेवटी कपभर गोडं पाणी. आंघोळही तशीच. संडास हातपंपाचा असतो. पुरुषांनीही बसूनच उरकायचं. रात्री कठड्याशी उभं राहून लघवी करणारे पाण्यात पडतात. हसू येतं ऐकून, पण दर्यावर्दी मंडळी हे फार गंभीरपणे सांगतात.

मळमळ बहुतेकांना होते. डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधीच घ्या, उलट्या लागल्यावर ती पोटात टिकत नाही. मोबाइल खिशात, नजर क्षितिजावर.

रात्रीचा पहारा पाळीपाळीने, बहुधा तीन-तीन तासांचा. दूरवर दिसलेलं मालवाहू जहाज २० नॉटने येत असेल तर २० मिनिटांत साडेसहा मैल कापतं, त्यामुळे दर दहा मिनिटांनी चहूबाजूंनी नजर फिरवायची. जहाज तुमच्या बोटीवरून सतत एकाच दिशेला दिसत असेल आणि मोठं मोठं होत असेल, तर समजा टक्कर ठरलेली आहे. लाजू नका, कप्तानाला उठवा. मासेमारीच्या होड्यांचं वेगळंच. आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्रांवर त्या दिसतीलच असं नाही, आणि जाळं होडीपासून लांबपर्यंत पसरलेलं असतं. ते पंख्यात अडकलं की इंजिन बंद, आणि कोळ्याचंही नुकसान. बॅटरीचा झोत स्वतःच्या शिडावर मारा म्हणजे तुम्ही दिसाल, आणि जवळ आल्यावर सरळ मराठीत ओरडून विचारा, "जाळं कुठवर आहे?" हात करून वाट दाखवतात.

आता पोहण्याचं. पोहता येत नाही म्हणून जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पाच नॉटने चाललेली बोट मिनिटाभरात दीडशे मीटर पुढे जाते. पट्टीचा पोहणाराही तिला गाठू शकत नाही. म्हणून मुळात पडायचंच नाही. लाइफजॅकेट अंगावर, हार्नेसचा (अंगाला बांधायच्या पट्ट्यांचा) दोर बोटीला अडकवलेला, रात्री तर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बैठकीत, बसतानासुद्धा. एक हात कामाला, एक हात धरायला. कोणी पडलंच तर ओरडायचं, तरंगती रिंग फेकायची, आणि एकाने दुसरं काहीही न करता त्या डोक्याकडे बोट दाखवत राहायचं. लाटांत डोकं क्षणात हरवतं.

मदतीसाठी व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबर चॅनेल, आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. बोटीवर ईपर्ब असेल तर उत्तम. हे यंत्र उपग्रहामार्फत तुमची जागा कळवतं. २०१८ मध्ये शिडाच्या बोटीतून एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या बोटीची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरात मोडली, पाठ जायबंदी झाली, तरी तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोचलं, कारण ते कुठे आहेत हे कळत होतं. सॅटेलाइट फोन मात्र परवानगीशिवाय आणू नका, भारतात तो बेकायदा आहे.

तुम्ही दोघंच असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या: मित्र पाण्यात पडला तर बोट वळवायला तुम्हीच उरता. निघायच्या आदल्या दिवशी त्याच्याकडून शीड कसं उतरवायचं, इंजिन कसं चालू करायचं, रेडिओवर कुठलं बटण दाबून बोलायचं, हे स्वतःच्या हाताने करून घ्या. "मी आहे ना, तुला काय करायचंय" असं तो म्हणाला, तर तुम्ही रेल्वेने जा आणि त्याला मडगावला भेटा.