‘बार्क’ला गलबत म्हणावे का?

विचारणा अशी आहे: ‘जीनी जॉन्स्टन’ या एकोणिसाव्या शतकातल्या आयरिश व्यापारी जहाजाचे वर्णन ‘बार्क’ असे येते. मराठीत लिहिताना ‘गलबत’ म्हटले तर चालेल का?

माझ्या मते, नको. बोलताना आपण शिडाच्या कुठल्याही जहाजाला गलबत म्हणतो, त्याला माझी हरकत नाही. पण आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत ही दोन वेगळी जहाजे होती. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, 150 ते 300 टनांची. गलबत 70 टनांपुढे क्वचितच जाई आणि ते 40-50 वल्ह्यांनीही चालवता येई. ‘जीनी जॉन्स्टन’ 408 टनांचे, 1847 साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये बांधलेले. आयर्लंडमधल्या ट्रली गावच्या निकोलस डोनोव्हन या व्यापाऱ्याने ते घेतले. जाताना दुष्काळाने गाव सोडलेली माणसे अमेरिकेकडे न्यायची आणि येताना इमारती लाकूड आणायचे, असा त्याचा व्यवहार. वल्ह्यांशी त्याचा संबंध नाही.

शिवाय ‘बार्क’ हा शब्द जहाजाचे आकारमान सांगतच नाही. तो शिडांची मांडणी सांगतो. पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडव्या काठ्यांना बांधलेली चौकोनी शिडे, आणि सर्वांत मागच्या डोलकाठीवर, कोकणातले दर्यावर्दी जिला कलमी म्हणतात तिच्यावर, जहाजाच्या लांबीच्या रेषेत धरलेले शीड. तिन्हींवर चौकोनी शिडे असली तर त्या काळचे खलाशी फक्त त्यालाच काटेकोर अर्थाने ‘शिप’ म्हणत. दोनच डोलकाठ्या आणि दोन्हींवर चौकोनी शिडे असली तर ब्रिग.

या नावामागे खलाशांचे कष्ट आहेत, म्हणून मला ते जपावेसे वाटते. चौकोनी शीड गुंडाळायचे तर भर वाऱ्यात वर चढून आडव्या काठीवर ओणवे व्हावे लागते. कलमीवरचे शीड बरेचसे डेकवरून दोर ओढून आवरता येते. त्यामुळे बार्कवर माणसे कमी लागत आणि मालकाचा पगाराचा खर्च वाचे. व्यापाऱ्यांना बार्क आवडे ते याच कारणाने.

या जहाजाचा शेवटही डोलकाठ्यांशीच जोडलेला आहे. 1858 साली क्वेबेकहून इंग्लंडमधल्या हल बंदराकडे लाकूड नेताना त्यात पाणी भरले. खलाशी डोलकाठ्यांच्या दोरखंडांवर चढून बसले आणि नवव्या दिवशी एका डच जहाजाने त्यांना सोडवले. त्याआधीच्या 16 फेऱ्यांत एकही प्रवासी दगावला नव्हता आणि या वेळीही सगळे वाचले.

तेव्हा पहिल्या उल्लेखात ‘बार्क पद्धतीच्या शिडांचे तीन डोलकाठ्यांचे जहाज’ असे लिहावे, पुढे नुसते ‘बार्क’. लिंग नपुंसक ठेवावे, जहाजाप्रमाणे: ते बार्क, ती बार्के.