आपल्या देशात न विकला जाणारा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मला हवा असलेला कॅमेरा कंपनीने माझ्या देशात विक्रीस आणलेलाच नाही. अधिकृत विक्रेते ‘तो येणार नाही’ एवढेच सांगतात. परदेशातील एक विक्रेता मात्र घरपोच पाठवण्यास तयार आहे. असा कॅमेरा मागवावा का, आणि मागवण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात?

उत्तर : हा कॅमेरा आपल्याकडे खरोखरच मिळत नाही, की केवळ त्या नावाने मिळत नाही, याची खात्री आधी करून घ्यावी. एकच यंत्र निरनिराळ्या बाजारपेठांत निरनिराळ्या नावांनी विकण्याची पद्धत जुनी आहे. कॅननचा ७००डी उत्तर अमेरिकेत ‘रिबेल टी५आय’ आणि जपानमध्ये ‘किस एक्स७आय’ या नावाने विकला गेला. मिनोल्टाच्या स्वयंचलित फोकसच्या फिल्म कॅमेऱ्यांची मालिका तर जपानमध्ये ‘अल्फा’, युरोपात ‘डायनॅक्स’ आणि उत्तर अमेरिकेत ‘मॅक्सम’ म्हणून ओळखली जाई. सेन्सर, लेन्सचा माउंट (लेन्स बसवण्याचा सांधा), बॅटरीचा क्रमांक, मापे आणि वजन या गोष्टी तंतोतंत जुळणारे मॉडेल आपल्याकडे असेल, तर बहुधा तोच कॅमेरा आपल्या हातात आहे.

काही मॉडेल मात्र खरोखरच मोजक्या देशांपुरती राहतात. कॅननचा ईओएस एम२ हा २०१३ मध्ये जाहीर झाला, परंतु उत्तर अमेरिका आणि युरोपात कंपनीने तो आणलाच नाही. याउलट पेन्टॅक्सचा ६४५डी २०१० मध्ये आधी फक्त जपानमध्ये आला आणि नंतर इतर देशांतही मिळू लागला. त्यामुळे मॉडेल अगदी नवे असेल आणि आपल्या कामाचे काही अडत नसेल, तर थोडे थांबण्यात तोटा नाही.

यानंतर प्रश्न उरतो तो दुरुस्तीचा, आणि माझ्या मते संपूर्ण निर्णय त्यावरच ठरवावा. कॅमेरा कंपनीची प्रत्येक देशातील शाखा किंवा वितरक ही बहुधा स्वतंत्र व्यावसायिक संस्था असते आणि बॉडीची हमी तिने स्वतः विकलेल्या मालापुरतीच असते. काही ठिकाणी नियम याहूनही कडक आहेत. निकॉनच्या अमेरिकेतील शाखेचे धोरण असे आहे की, तिने आयात न केलेली बॉडी ती पैसे घेऊनही दुरुस्त करत नाही. म्हणून ‘हमी मिळेल का’ एवढेच विचारून थांबू नये. ‘हमी नसली तरी शुल्क घेऊन दुरुस्त कराल का’ हेही विचारावे, आणि उत्तर ईमेलने, मॉडेलच्या पूर्ण क्रमांकासह, लेखी घ्यावे.

येथे एक भेद अनेकांच्या लक्षात येत नाही. जे मॉडेल आपल्या देशात विकले जाते, त्याचाच नग बाहेरून आणला असेल, तर त्याचे सुटे भाग येथील सर्व्हिस सेंटरमध्ये असतात, आणि प्रश्न असतो तो फक्त त्यांनी तो नग हातात घ्यावा की नाही याचा. जे मॉडेल देशात कधी आलेच नाही, त्याचे सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तिका आणि जुळवणीसाठी लागणारे सॉफ्टवेअर यांपैकी काहीच तेथे नसण्याची शक्यता मोठी आहे. तंत्रज्ञाची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. त्यामुळे या मॉडेलचे शटर, सेन्सर किंवा मागचा पडदा देशात मिळणाऱ्या एखाद्या भावंड-मॉडेलसारखाच आहे का, हे एखाद्या अनुभवी स्वतंत्र तंत्रज्ञाला अवश्य विचारावे. तसे असेल तर धोका पुष्कळ कमी होतो.

परदेशी विक्रेते ‘विक्रेत्याची हमी’ देऊ करतात. तिचा प्रत्यक्ष अर्थ बहुतेक वेळा असा असतो की, बिघडलेला कॅमेरा आपल्या खर्चाने परत पाठवायचा आणि तो दुरुस्त होऊन येईपर्यंत वाट पाहायची. ज्यांचा चरितार्थ कॅमेऱ्यावर आहे, त्यांनी असा कॅमेरा एकमेव साधन म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छंदासाठी, हाताशी दुसरा कॅमेरा असताना आणि दुरुस्ती मिळणार नाही हे गृहीत धरूनही किंमत परवडत असेल, तर मात्र जरूर घ्यावा; केवळ अधिकृत शिक्का नाही म्हणून एखादे उत्तम यंत्र नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न : बाहेरून आणलेल्या कॅमेऱ्याच्या वापरात रोजच्या काय अडचणी येतात? वीज, वाय-फाय इत्यादींबाबत शंका आहे.

उत्तर : विजेची चिंता बहुधा अनाठायी असते. आजच्या बहुतेक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असते. तसे असल्यास फक्त आपल्याकडची वायर किंवा प्लग लावावा लागतो, व्होल्टेज बदलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची गरज नसते. खोक्यात चार्जर मूळ कंपनीचाच आहे ना, हे मात्र पाहावे, कारण काही विक्रेते मूळ चार्जर काढून भलताच ठेवतात.

चित्रीकरणाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असलेल्या देशांत अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झच्या देशांत १२० वेळा. या दोन पद्धतींना अनुसरून कॅमेऱ्यात सेकंदाला २५ व ५० किंवा ३० व ६० फ्रेमचे पर्याय असतात. बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत पाल (२५ व ५० फ्रेमची) आणि एनटीएससी (३० व ६० फ्रेमची) यांपैकी हवी ती पद्धत निवडता येते, परंतु काही कॅमेरे एकाच पद्धतीला बांधलेले असतात. तसा कॅमेरा पदरी पडलाच तर ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली ३० फ्रेमने चित्रण करतानाही शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे. ६० हर्ट्झखाली २५ फ्रेम असतील तर १/६० किंवा १/१२० ठेवावे. चित्रावर सरकणारे पट्टे यामुळे बहुतांशी नाहीसे होतात. युरोपसाठी बनवलेल्या अनेक जुन्या मॉडेलांत सलग चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबते. त्यामागे तांत्रिक कारण नव्हते. त्याहून अधिक चित्रण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेरा समजून त्यावर जास्त सीमाशुल्क आकारले जाई. दीर्घ भाषणे किंवा मैफली टिपणाऱ्यांनी ही मर्यादा आधीच तपासावी.

बिनतारी यंत्रणेतही देशागणिक फरक असतो. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील १४ वी वाहिनी फक्त जपानमध्ये वापरण्यास परवानगी आहे, आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे नियम तर त्याहून वेगवेगळे आहेत. फोनला छायाचित्रे पाठवण्यापुरती सहसा अडचण येत नाही. फ्लॅश चालवणाऱ्या रेडिओ ट्रिगरबाबत मात्र सावध असावे. उदाहरणार्थ, पॉकेटविझार्ड या नावाच्या ट्रिगरच्या अमेरिकी आवृत्त्या ३४४ मेगाहर्ट्झच्या आसपास, तर युरोपीय आवृत्त्या ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. एकमेकांशी त्यांचा संवाद होऊ शकत नाही, आणि चुकीची वारंवारता वापरणे त्या देशात नियमबाह्यही ठरू शकते.

प्रश्न : नातेवाइकांनी जपानहून सोनीचा कॅमेरा आणून दिला. त्याच्या मेन्यूत जपानीखेरीज दुसरी भाषाच नाही. नवे फर्मवेअर (कॅमेऱ्यातील अंतर्गत सॉफ्टवेअर) टाकल्यावर इंग्रजी येईल का?

उत्तर : येणार नाही. सोनी आपल्या अनेक कॅमेऱ्यांच्या जपानी बाजारासाठीच्या आवृत्तीत फक्त जपानी भाषा ठेवते. कॅमेरा कोणत्या प्रदेशाचा आहे याची नोंद बॉडीच्या आत वेगळी साठवलेली असते आणि फर्मवेअरच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणाने ती बदलत नाही. ती बदलून देण्याचे अनधिकृत उपाय सुचवले जातात. त्यात कॅमेरा कायमचा बंद पडण्याचा धोका असल्याने ते करू नयेत, असाच सल्ला मी देईन.

परंतु निराश होऊ नये. मेन्यूची रचना आणि कलमांचा क्रम त्याच मॉडेलच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीशी बहुतेक जुळतो, म्हणून इंग्रजी पुस्तिका शेजारी ठेवून एकदा शांतपणे सर्व मांडणी करता येते. नेहमी लागणाऱ्या गोष्टी ‘माय मेन्यू’त आणि बटणांवर बसवून घ्याव्यात, छिद्र (अ‍ॅपर्चर), शटरवेग, आयएसओ हे तर आकड्यांतच दिसतात. मेमरी कार्ड फॉरमॅट करण्याचे कलम मात्र नीट ओळखून ठेवावे. पुढे हा कॅमेरा विकायचा झाल्यास भाषेमुळे किंमत कमी येईल, हे लक्षात असू द्यावे. ज्यांनी अजून खरेदी केलेली नाही, त्यांनी जपानहून आणवताना ‘परदेशी प्रवाशांसाठीची, अनेक भाषांची आवृत्ती’ असे स्पष्ट सांगून मागावी.

प्रश्न : असा कॅमेरा घेणे बेकायदेशीर आहे का?

उत्तर : कर भरून स्वतःच्या वापरासाठी अस्सल वस्तू आणणे आणि तीच व्यापारासाठी आणून विकणे, या दोन गोष्टी कायदा सहसा वेगळ्या मानतो. कंपनीच्या संमतीविना बाहेरचा अस्सल माल आणून विकण्याबाबत देशोदेशीचे कायदे भिन्न आहेत. युरोपीय न्यायालयाने १९९८ मध्ये चष्म्याच्या फ्रेमसंबंधीच्या एका खटल्यात असा माल रोखण्याचा व्यापारचिन्हधारकाचा (ट्रेडमार्कच्या मालकाचा) हक्क मान्य केला, तर अन्य काही देश तो मान्य करत नाहीत. खरेदीदाराने पाहायचे ते हे की, बिनतारी यंत्रणा असलेली वस्तू आणण्यास आपल्या देशात वेगळी मंजुरी लागते का, आणि सीमाशुल्क कशावर मोजतात. अनेक देशांत ते वाहतूक व विमा धरून मोजले जाते, वर विक्रीकराचा प्रकार आणि कुरियर कंपनीचे हाताळणी शुल्क लागते. विक्रेत्याने ‘भेटवस्तू’ म्हणून कमी किंमत लिहून देण्याची तयारी दाखवल्यास ती ठामपणे नाकारावी. ते खोटे विवरण ठरते, आणि वस्तू वाटेत हरवल्यास विम्याची भरपाईही त्या कमी किमतीवरच मिळते.

कॅमेरा पुढे दुरुस्तीसाठी परदेशी पाठवावा लागला, तर पाठवण्यापूर्वीच सीमाशुल्क कार्यालयात ‘दुरुस्ती करून परत येणारी वस्तू’ अशी अनुक्रमांकासह नोंद करून घ्यावी. मूळ बिल आणि कर भरल्याची पावती यांच्या प्रती पार्सलसोबत जोडाव्यात. ही कागदपत्रे नसल्यास परत येताना पूर्ण किमतीवर पुन्हा शुल्क लागू शकते, आणि ते परत मिळवण्याचा पत्रव्यवहार फार वेळखाऊ असतो.