चहाने मन शांत होतं, मग माझी धडधड का?

"मॅडम, चहाने मन शांत होते म्हणतात. मी दिवसाला सात कप पिते, तरी छातीत धडधडते कशाले?"

नागपूरच्या नंदनवन भागात खोली करून नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा दुसरा प्रयत्न देणारी, माझ्याकडे समुपदेशनाला आलेली मुलगी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मांडीवर स्टीलचा थर्मास, झाकणाला चिकटपट्टी. पर्समध्ये ऑनलाइन मागवलेली थियानिनच्या कॅप्सूलची डबी, सील तसंच.

हा प्रश्न पालकही विचारतात. थियानिन हे चहाच्या पानातलं अमिनो आम्ल. १९५० च्या सुमारास जपानी संशोधकांनी ते ग्योकुरो या सावलीत वाढवलेल्या चहातून वेगळं केलं; ऊन कमी लागलं की पानात ते जास्त टिकतं. ते मेंदूपर्यंत पोचतं. जागेपणी मन निवांत असताना मेंदूत ज्या अल्फा लहरी दिसतात, त्या त्याने वाढल्याचं छोट्या अभ्यासांत आढळलंय. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत मात्रा २०० मिलिग्रॅमची होती. आपल्या एका कपात वीस-पंचवीस मिळालं तरी खूप. त्याच कपात झोप उडवणारं, धडधड वाढवू शकणारं कॅफिनही असतं, आणि त्यातलं निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला घेतलेला चहा पहाटे चारलाही निम्मा अंगात असतो.

"बेटा, झोपतेस किती?"

"चार तास. बाबांनी शेत गहाण टाकलं मॅडम. झोपली की पाप केल्यासारखं वाटते."

एवढं बोलून ती रडली. मी चहाचा विषय तिथेच सोडला. तो तास शेताचा होता, बाबांचा होता. कॅप्सूलने ते ओझं हललं नसतं, हे मला तेव्हाही पक्कं वाटलं.

धडधड आहे म्हणून तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. ती तर डब्यासोबतच प्यायची. मग ठरवलं: शेवटचा चहा चारच्या आत, आणि दर तीन दिवसांनी एकच कप कमी. एकदम सोडला की डोकं दुखतं. कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना तर मी हे आवर्जून सांगते, कारण थियानिनने दाब आणखी उतरू शकतो.

तिसऱ्या भेटीला ती बाबांना घेऊन आली. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "शेताचं मी पाहतो. तू झोपत जा माय."

डबी माझ्या कपाटात आहे. परीक्षा झाली की घेऊन जाते म्हणाली.