जुन्या वर्तमानपत्रांतल्या निधन वार्तांवरून घराण्याचा माग काढता येतो का?

तुम्ही लिहिलंय की आजोबा १९६४च्या आसपास सांगलीत वारले. बाहेरगावाहून येऊन ते तिथे शिक्षक म्हणून स्थायिक झाले होते आणि मूळ गाव आता घरात कुणालाच ठाऊक नाही. जुन्या पेपरातल्या निधन वार्तांचा काही उपयोग होईल का, असा तुमचा प्रश्न आहे. होईल, आणि तुम्हाला वाटतंय त्याहून जास्त होईल. पण त्या कशा वाचायच्या हे आधी समजून घ्या, म्हणून माझ्याच घरातली गोष्ट सांगते.

आमच्याकडे एक वंशावळ होती, वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढलेली. सात पिढ्या, सगळे पुरुष. पणजोबांच्या खाली तीन मुलगे. एक मुलगी होती हे सगळ्यांना माहीत होतं, कारण ती आजी आमच्याकडे यायची, पण कागदावर तीही नव्हती. मला पणजोबांच्या मृत्यूची तारीख हवी होती आणि ती कुणालाच सांगता येईना. तिथी मात्र सगळ्यांना पाठ होती, कारण श्राद्ध व्हायचं: कार्तिक वद्य अष्टमी. सालाबद्दल काका म्हणाले, "मी मॅट्रिकच्या वर्गात होतो तेव्हा." तेवढं पुरलं. शके १८८०चं पंचांग एका गुरुजींकडे मिळालं आणि डिसेंबर १९५८चा पहिला आठवडा हाती आला.

पणजोबा वारले पुण्यात, थोरल्या मुलाकडे. म्हणून पुण्यातल्या एका ग्रंथालयात त्या महिन्याची बांधीव फाइल मागितली. कागद इतका ठिसूळ झालेला की पान उलटताना कडेचे तुकडे मांडीवर पडत होते. दोन दिवसांचे अंक बघून झाले, तिसऱ्या अंकात आतल्या पानावर, तपकिरीच्या जाहिरातीखाली, सहा ओळी होत्या. कुलाबा जिल्ह्यातले मूळचे रहिवासी, हल्ली मुक्काम पुणे, गुरुवारी पहाटे वृद्धापकाळाने निधन, मृत्युसमयी वय ७८. आणि शेवटी: "त्यांच्या पश्चात पत्नी, तीन मुलगे, दोन विवाहित कन्या, सुना व नातवंडे असा परिवार आहे."

दोन कन्या. मी ती ओळ तीनदा वाचली.

निधन वार्ता गेलेल्या माणसाची म्हणून छापतात, पण तिचा खरा ऐवज असतो तो हा "पश्चात"चा. त्या दिवशी घरात कोण कोण जिवंत होतं, याची ती मोजदाद असते. वंशावळीत मुली धरत नाहीत. निधन वार्तेत, नावानिशी नसली तरी आकड्याने का होईना, मुलगी मोजली जाते. मी आजवर ज्यांना ज्यांना मदत केली, त्यांच्यापैकी बहुतेकांना नवीन काही सापडलं ते या एका वाक्यात. म्हणून ही ओळ घाईत वाचू नका. नुसतं "कन्या" आहे की "विवाहित कन्या" आहे, "सुना" आहे की "सून", "पतवंडे" आहेत का, पत्नीचा उल्लेख आहे की नाही, हे सगळं बघा. पत्नीचा उल्लेख नसेल तर ती आधी गेलेली असण्याची शक्यता मोठी, म्हणजे तिची वार्ता आणखी मागच्या अंकांत असू शकते.

दुसऱ्या कन्येचं पुढे काय झालं तेही सांगते. पेपर तिथेच थांबला, पण तारीख मिळाली होती. तारीख मिळाली की गावच्या तलाठी दप्तराचं दार उघडतं. जमीनदार माणूस वारला की वारस नोंद होते आणि त्याचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, पडतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली आला, त्यामुळे त्यानंतरच्या फेरफारात पत्नी आणि मुलींचीही नावं वारस म्हणून येऊ लागली. आमचा फेरफार १९५९चा निघाला. त्यात या दुसऱ्या कन्येचं, म्हणजे थोरल्या आत्याआजीचं, सासरचं पूर्ण नाव होतं, नवऱ्याच्या नावासकट. घरात तिला फक्त "ताई" म्हणत. लग्नात नाव बदललेलं, गाव लांबचं, आणि ज्यांना ती आठवत होती ते सगळे गेलेले. त्या नावावरून तिच्या नातवापर्यंत पोचायला मला सात महिने लागले. त्याच्याकडे आमच्या पणजीचा फोटो होता. आमच्याकडे तो नव्हताच.

आता तुमच्याकडे वळू. आजोबांची तिथी घरात कुणाला आठवते का, ते आधी विचारा. पितृपक्षातली चालत नाही, तिथे फक्त तिथी मिळते, महिना मिळत नाही. वर्षश्राद्धाची हवी. तारखेचा हिशोब सोपा आहे: शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवायचे. शके १८६९चा ज्येष्ठ म्हणजे १९४७, त्याच शकाचा माघ म्हणजे १९४८. पौष महिना या दोन्हींच्या सीमेवर असतो, तिथे पंचांग उघडल्याशिवाय तारीख नक्की करू नका. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांचा अधिक महिना कधी कधी वेगळा येतो, तेव्हा घराचं पंचांग कोणतं हेही विचारून ठेवा. या एका गोष्टीपायी महिनाभर चुकीच्या फाइली चाळणारे लोक मी पाहिलेत.

तिथी मिळाली नाही तर नगरपालिकेच्या मृत्यू नोंदवहीत शोधा. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा, तो अमलात आला १ एप्रिल १९७०पासून. त्याआधीच्या नोंदी असतात, पण सलग असतीलच असं नाही. खेड्यात हेच काम गाव नमुना १४ करायचा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यातल्या जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस सोबत न्या.

पेपर कोणता बघायचा, यात लोक सर्वात जास्त चुकतात. माणूस जिथे वारला तिथलाच पेपर बघून परत येतात. वार्ता द्यायला जातो तो एखादा मुलगा नाहीतर जावई, आणि तो देतो आपल्या शहरात. तुमच्या बाबतीत कोल्हापूरचा 'पुढारी' (१९३९पासून), पुण्याचे 'केसरी' (१८८१) आणि 'सकाळ' (१९३२), बेळगावचा 'तरुण भारत' (१९१९), एवढे तर बघाच. तेव्हा कुणी काका मुंबईत नोकरीला असेल तर 'लोकसत्ता' (१९४८) किंवा 'महाराष्ट्र टाइम्स' (१९६२)सुद्धा. आणखी एक अडचण आवृत्तीची. शहर आवृत्ती आणि बाहेरगावची डाक आवृत्ती यांतला मजकूर सारखा नसायचा, आणि ग्रंथालयात बहुधा एकच बांधलेली असते. एका फाइलीत सापडलं नाही म्हणजे छापलंच नव्हतं, असं धरू नका.

फाइली कुठे मिळतील? कोल्हापूरला करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५०चं. पुण्याचं नगर वाचन मंदिर त्याच्याही आधीचं, १८४८चं. मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि टाउन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. सांगलीचं नगर वाचनालयही जुनं आहे, १८६९चं, पण २०१९च्या महापुरात तिथलं फार मोठं भांडार भिजून गेलं. त्या बातमीने मला किती वाईट वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. तरी जाऊन विचारा. आधी फोन करून फाइल चाळायला देतात का हे पक्कं करा. फ्लॅश न वापरता फोटो काढा, आणि प्रत्येक कात्रणासोबत त्या पानाच्या वरच्या पट्टीचाही फोटो घ्या, कारण तारीख आणि पेपरचं नाव तिथेच असतं. नुसतं कात्रण दोन वर्षांनी कुठलं ते सांगता येत नाही.

वार्ता हाती आली की भाषा बघा, तीही बोलते. "कै." सगळीकडे दिसतं, पण "वै." (वैकुंठवासी) असेल तर घर वारकरी असण्याची शक्यता जास्त. नावामागे "ह. भ. प." लागलं असेल तर ती शक्यता आणखी वाढते. "कालकथित" आणि "पुण्यानुमोदन" हे शब्द बौद्ध कुटुंबांत येतात. "गं. भा." म्हणजे ती बाई विधवा होती, म्हणजे नवऱ्याचा मृत्यू त्याआधीचा, आणि ती वार्ताही कुठेतरी असेल. "रक्षाविसर्जन" अमुक दिवशी, असं लिहिलं असेल तर वार्ता देणारे कोल्हापूर-सांगलीकडच्या वळणाचे. बाई गेली असेल तर "माहेरचे आडनाव" किंवा "पूर्वाश्रमीच्या" हा शब्द शोधा. तो मिळाला की एक नवं घराणंच तुमच्यासमोर उभं राहतं.

"मूळचे" या शब्दाकडे विशेष लक्ष द्या, तुमचा सगळा शोध त्याच्यावर आहे. आणि जिल्ह्याचं नाव जुनं असेल हे लक्षात ठेवा. १९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं, त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी आणि छापातही "सातारा" येतं. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. आजच्या सिंधुदुर्गातलं गाव १९८१पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात असायचं. पूर्व खानदेश म्हणजे जळगाव. आजच्या नकाशात गाव सापडत नाही म्हणून हताश होणारे बरेच जण चुकीचा जिल्हा बघत असतात.

बातमीच्या रूपातली वार्ता आणि पैसे भरून दिलेली जाहिरात यांतही फरक आहे. जाहिरातीत ओळीमागे पैसे, म्हणून ती तोकडी. बातमीत मात्र "अमुक हायस्कूलचे माजी शिक्षक", "अमुक वकिलांचे ते सासरे होत", असं काहीतरी येतं. "सासरे होत", "मेहुणे होत", "व्याही होत" ही वाक्यं सोन्यासारखी असतात. त्या काळी सोयरिक बहुधा ओळखीच्या गावांत व्हायची. व्याह्यांचं गाव कळलं तर तुमचं गाव बरेचदा त्याच टापूत निघतं. आजोबा शिक्षक होते, तेव्हा बातमी येण्याची शक्यता चांगली आहे. शाळेच्या त्या वर्षीच्या वार्षिकांकातही श्रद्धांजली असू शकते, तोही मागा.

सावध राहायचं ते दोन गोष्टींत. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे गणेश विष्णू आणि विष्णू गणेश पिढ्यान्पिढ्या आलटून पालटून येतात. पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावं तर वतनाची, गावागणिक वेगळी घराणी. निदान गाव आणि आणखी एखादा नातेवाईक जुळल्याशिवाय "हेच आपले" म्हणू नका. आणि वयावर फार विसंबू नका. ७५, ८०, ८५ असे गोल आकडे दिसले तर ते बहुधा घरच्यांनी अंदाजाने सांगितलेले असतात. छापलेल्या वारातही घोळ होतो, "काल" म्हणजे अंकाच्या तारखेआधीचा दिवस असेलच असं नाही. वारस नोंद किंवा जातीच्या दाखल्यासाठी कात्रण पुरावा म्हणून घेऊन जाऊ नका. ते फक्त कुठल्या दप्तरात कोणत्या वर्षी बघायचं हे सांगतं, आणि तेवढ्यासाठीच ते हवं.

मूळ गाव सापडलं आणि कुटुंब तीर्थयात्रेला जाणारं असेल, तर त्र्यंबकेश्वरच्या आणि नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांकडच्या, म्हणजे तीर्थाच्या पुरोहितांकडच्या, यात्रेकरू घराण्यांच्या वह्याही बघता येतील. त्या गावांनुसार आणि आडनावांनुसार लावलेल्या असतात, म्हणून गाव माहीत नसताना तिथे जाण्यात अर्थ नाही. क्रम हाच ठेवा.

आणि १९६४च्या अंकांत काहीच मिळालं नाही, तर लगेच फाइल मिटू नका. तिथी कळली असेल तर १९६५ची तीच तिथी कोणत्या तारखेला आली ते पंचांगात बघा आणि त्या आठवड्याचे अंक काढा. प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात बरीच घरं द्यायची. वर्षभरात दुःख थोडं निवळलेलं असायचं, त्यामुळे तिच्यात नावं सावकाशीने, जास्त नीट लिहिलेली असतात. खाली "शोकाकुल" म्हणून सगळ्यांची यादी असते, आणि त्यात मुलींची सासरची आडनावं सुद्धा.