आधी सा, मग मोड : गिटारची प्रश्नोत्तरे

सातही मोड (पाश्चात्त्य संगीतातल्या सात स्वरमाला) पाठ केले. पण सी मेजर आणि डी डोरियनमध्ये सूर तेच सात. कानाला सगळं सी मेजरच वाटतं. मग फरक कुठं? (कॉलेज विद्यार्थी, राजारामपुरी)

सगळं सी मेजर वाटतं, कारण तुमच्या मागं सा वाजत नाही. मोड ठरतो तो षड्जावरून. गाण्याच्या क्लासच्या खोलीबाहेर पाच मिनिटं उभं राहिलेल्यालाही हे पटेल.

मोबाइलवरचा तानपुरा पांढरी सहावर लावा. गिटारची पाचवी तार, ए, म्हणजे तोच सूर. बाकीच्या तारा काही दिवस विसरा. सुटी तार हा सा, मग फ्रेट (गिटारच्या गळ्यावरची घरं) २, ४, ५, ७, ९, ११, १२. हा झाला बिलावल थाट, म्हणजे आयोनियन मोड. आता ११ ऐवजी १० घ्या. निषाद कोमल झाला, खमाज आला : मिक्सोलिडियन. ४ चा ३ करा, गंधारही उतरला : काफी, डोरियन. ९ चा ८ केला की आसावरी, पुस्तकातला नॅचरल मायनर किंवा एओलियन. २ चा १ केला की भैरवी, फ्रिजियन. परत बिलावलवर या आणि फक्त ५ चा ६ करा. मध्यम तीव्र झाला, हा कल्याण : लिडियन.

दर वेळी एकच सूर हलतो आणि रंग पालटतो. प्रत्येक पायरीवर थांबा, वाजवलेलं गाऊन बघा. सातही मोड एका बैठकीत उरकणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला लोक्रियन. भैरवीतला पंचमही उतरवला (७ चा ६) की तो तयार होतो. रागांची वर्गवारी करणाऱ्या पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांत (मूळ स्वरमालांत) त्याला जागा नाही, आणि तानपुऱ्याची पंचमाची तार त्याच्याशी भांडत राहते. सध्या सोडून द्या. उलट भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार थाट या सात मोडमध्ये शोधूनही सापडणार नाहीत.

सर, मायनर पेंटॅटोनिक म्हणजेच मालकंस ना? मित्र तसं म्हणतो. (नववीतली विद्यार्थिनी, कळंबा)

नाही गं. मायनर पेंटॅटोनिक ही पाच सुरांची स्वरमाला : सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हे धानी रागाचे सूर. मालकंसात पंचम नाही, तिथं कोमल धैवत लागतो. पाचव्या फ्रेटवरचा ए मायनरचा बॉक्स (बोटांच्या जागांचा ठरलेला साचा) तुला येत असेल, तर त्यात पाचव्या तारेवरचा ७ आणि दुसऱ्या तारेवरचा ५ एकेक घर पुढं सरकव. मालकंसाचे सूर मिळतील.

आता गंमत बघ. भूपाचे पाच सूर घे : सी, डी, ई, जी, ए. सूर तेच ठेवून जी ला सा मान, दुर्गा दिसेल. ए ला मान, धानी. ई ला मान, मालकंस. आपल्याकडं याला मूर्च्छना म्हणतात, आणि मोडची युक्ती हीच आहे. तानपुरा मात्र दर वेळी नव्या सा वर लावून घे, नाहीतर सगळा भूपच ऐकू येईल.

गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात, कोल्हापुरात, गिटारवर राग वाजवायचा, हे पटत नाही. फ्रेटवर श्रुती (सुरांमधली सूक्ष्म अंतरं) निघतात का? (निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ)

तुमची शंका रास्त आहे. फ्रेटवरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटनं चढा असतो. शेजारच्या दोन फ्रेटमधलं अंतर १०० सेंटचं, त्यामुळं तयार कानाला हे लगेच टोचतं. तार ओढून सूर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून तर गिटारवादक ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी ठेवून तारेवरून दांडी फिरवली आणि फ्रेटचा प्रश्नच मिटवला. पण हाच दोष पेटीतही आहे, सर, आणि पेटी आपण बैठकीत खपवून घेतोच.

खरी अडचण वेगळी आहे. स्केल म्हणजे राग नव्हे. भूप आणि देसकार यांचे सूर तेच पाच, पण भूपात गंधार वादी (मुख्य सूर) आणि देसकारात धैवत. हे कुठल्याच बॉक्समध्ये लिहिलेलं नसतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी ‘काफीचे सूर वाजव’ एवढंच सांगतो. राग शिकायचा तर गवयासमोर बसायला हवं.

आई भजनी मंडळात काळी चारमध्ये गाते. साथ कशी करू? (गृहिणी, उचगाव)

काळी चार म्हणजे जी शार्प. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी चे कॉर्ड धरा. चालीत कोमल गंधार असेल तर कॅपो चौथ्या फ्रेटवर आणि कॉर्ड ई मायनरचे. तबल्याला झाकू नका, हळू वाजवा.

जुलैत तारा गंजतात. (बरेच जण)

आपल्या पावसात गंजणारच. वाजवून झालं की सुती फडक्यानं पुसा, गिटार भिंतीला टेकवून ठेवू नका, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. तरीही गणपतीआधी नवा संच घ्यावा लागेल, तेवढे पैसे बाजूला ठेवा.